पाच इंची भोक

"मशीन आमचं हाय म्हणून चोर बी आमीच का, ताई?"

सत्यशीला उंबऱ्याबाहेरूनच बोलत होती. तिच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला, सकाळीच चौकीत चौकशीला बसवलं होतं. भिंतींना मोठी भोकं पाडणं हा त्याचा धंदा. पाइप न्यायचा असो की धुराडं, बेलापुरात मच्छिंद्रशिवाय पान हलत नसे.

सुहास महाजनींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि बहिणीकडे पाहिलं. नीलांबरी दर रविवारी श्रीरामपूरहून भावाकडे येई. वीस वर्षं विम्याच्या नुकसानीची पाहणी केल्यावर तिने खाजगी तपासाचं काम धरलं होतं.

"दादा, काय चोरीला गेलंय?"

सुहासना सगळं ठाऊक होतं. वाचनालयाचे कार्यवाह नारायणराव हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. "गायरान गावाला दिल्याची मोडी सनद. शंभर वर्षांची. त्या जमिनीवर प्लॉटिंगवाल्यांनी दावा सांगितलाय. उद्या प्रांतांसमोर सुनावणी आहे आणि मूळ कागदच हवाय. पत्र्याच्या नळकांड्यात ठेवला होता. आज सकाळी नारायणने खोली उघडली, तर कुलूप शाबूत, भिंतीला पाच इंची भोक आणि नळकांडं गायब!"

"चला," नीलांबरी म्हणाली. "सत्यशीला, तूही चल."

*

वाचनालयाची मागची खोली लहान होती. नऊ इंची विटेची जुनी भिंत. नळकांडं ठेवायच्या फळीच्या वर, बाहेरून हात पोचेल असं गोल भोक. आतल्या गिलाव्याची कड वर्तुळासारखी नीट, पण आतल्या विटांना तडे गेलेले.

"मी कशालाही हात लावला नाही," नारायणराव म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "भोक पाहिलं आणि तसाच चौकीत गेलो. किल्ली एकट्या माझ्याकडे असते."

भोकाखाली वर्तमानपत्रांच्या जुन्या बांधीव फायली ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्यावर विटेची तांबडी भुकटी बसली होती. सुहासनी बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "नारायण, अरे सगळ्या फायली माखल्या. ही सत्त्याऐंशी सालची तेवढी स्वच्छ आहे बघ."

नीलांबरीने एकदा फाईलकडे पाहिलं आणि ती मागच्या बोळात गेली.

बाहेर भोकाभोवती ताटाएवढा गिलावा उडाला होता. खाली त्याची ढेकळं पडली होती. चुन्याने रंगवलेला कट्टा मात्र पांढराशुभ्र. पाण्याचा ओघळ भिंतीवर कुठेच नव्हता.

बोळाच्या पलीकडे बजरंगची पिठाची गिरणी. "काल बारा ते चार गिरणी चालू हुती," तो म्हणाला. "त्या आवाजात शेजारचं बोलनं ऐकू येत न्हाई. सात वाजता भाकरी खायला घरी गेल्तो, आठला माघारी. रातभर हितंच बाजंवर. मांजरानं उडी मारली तरी मला जाग येती. मशीनचा आवाज? छ्या!"

"मग दुपारी पाडलं असेल," सुहास म्हणाले.

दाराशी दळणाचा डबा घेऊन बसलेल्या रंगुबाई फणकारल्या. "काल बारापासून चार वाजस्तोवर मी वाचनालयाच्या याच भिंतीला पाठ लावून बसले हुते. ज्वारीचा नंबरच लागंना. कोन बी आलं न्हाई. भिंत हादरत हुती खरी, पन ती गिरणीनं रोजच हादरती."

सुहास चक्रावले. दुपारी कोणी भोक पाडलं असतं तर रंगुबाईंनी पाहिलं असतं, आणि रात्री बजरंगने ऐकलं असतं. मधल्या वेळात गिरणी बंद, तेव्हा मशीनचा आवाज आळीभर गेला असता. मग भोक पडलं कधी?

*

चौकीत मच्छिंद्र बाकावर बसला होता. बायकोला पाहून त्याने मान खाली घातली. फौजदारांनी बोलायची परवानगी दिली.

"असल्या भिंतीला तू कुठलं मशीन लावशील?" नीलांबरीने विचारलं.

धंद्याची गोष्ट निघताच मच्छिंद्र ताठ झाला. "काळा दगड आसंल, काँक्रीट आसंल, तर मोठं मशीन. भिंतीला स्टँड ठोकायचा, हिऱ्याचा कटर, वरून पानी. पन जुन्या विटंला पानी घातलं की सांध्यातली माती वाहून जाती. तिला कोरडा कटर आन् हातमशीन. त्यात बी हातोडीचा खटका बंद करायचा. नुसतं गोल फिरवायचं. ठोका बसला की वीट फुटती."

"आणि गिलावा उडू नये म्हणून?"

"आदी बारीक भोक आरपार. मग निम्मं हिकडून, निम्मं तिकडून. एकाच बाजूनं रेटलं तर पलीकडचा गिलावा उडनारच."

"तुझं हातमशीन कुठाय?"

"हर्षलकडं. वाचनालयावर सोलर बसवतोय ना त्यो."

हर्षल लगेच सापडला. तरुण, घामाघूम, थोडा घाबरलेला. "शुक्रवारी काम संपलं, मॅडम. मशीन आणि कटर वाचनालयाच्या ओसरीवर ठेवले. नारायणकाकांना सांगितलं, मच्छिंद्रभाऊ नेतील. मी शनिवारी पहाटेच राहात्याला साइटवर गेलो. मुक्कामही तिथेच, सोबत चार माणसं होती."

"ओसरीवरून तर कोणीही उचलेल," सुहास हळूच म्हणाले.

"उचलेल. पण कोणाला न दिसता, न ऐकू येता चालवेल कुठे?" नीलांबरी म्हणाली. "फौजदारसाहेब, सगळ्यांना वाचनालयात बोलवा."

*

वाचनालयाच्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. सत्यशीला उभीच राहिली.

"हे भोक मच्छिंद्रने पाडलेलं नाही," नीलांबरीने सुरुवात केली. "पाण्याचा ओघळ नाही, स्टँडची खूण नाही. म्हणजे मोठं मशीन नव्हतं. हातमशीनच होतं, पण हातोडीचा खटका चालू ठेवून चालवलेलं. म्हणून विटांना तडे गेले. धंदेवाला माणूस अशी चूक करणार नाही."

"आपल्याला चकवायला मुद्दाम केली असेल," फौजदार म्हणाले.

"मग भुकटीचं काय? कोरडं भोक पाडलं की भुकटी चालवणाऱ्याच्या बाजूला पडते. इथे ती आत पडलीय. बाहेरचा कट्टा पांढरा आहे. आतली कड नीट, बाहेरचा गिलावा उडालेला. भोक आतून पाडलंय, साहेब."

सुहासनी नारायणरावांकडे पाहिलं. आत जायचं तर किल्ली हवी.

"काल दुपारी वाचनालय बंद होतं, गिरणी चालू होती, मशीन ओसरीवर होतंच. पाडणाऱ्याने आतून कडी लावून भिंत कोरली, पण बाहेरचा गिलाव्याचा पापुद्रा तसाच ठेवला. म्हणून रंगुबाईंना हादरा जाणवला, दिसलं काहीच नाही. सात वाजता बजरंग जेवायला गेला आणि बोळ मोकळा झाला, तेव्हा आतून चार ठोके देऊन पापुद्रा पाडला. पाहणाऱ्याला वाटावं, चोर बाहेरून आला."

नीलांबरीचा आवाज खाली आला. "नारायणराव, तुम्ही म्हणालात, कशालाही हात लावला नाही. मग सगळ्या फायलींवर भुकटी असताना एकच स्वच्छ कशी? भुकटी पडल्यानंतर ती कोणीतरी काढली, पुसली आणि परत ठेवली. दादा, सत्त्याऐंशी सालची फाईल आणा."

सुहासनी फाईल आणली. ऑगस्टच्या पानांत, दोन कोऱ्या कागदांमध्ये, सनद सपाट पसरलेली होती. एकही चुणी नव्हती.

"ज्याने आयुष्यभर कागद जपले, त्याच्या हातून कागद जळत नाही," नीलांबरी म्हणाली. "म्हणून मला आशा होती."

नारायणरावांनी चष्मा काढला. "प्लॉटिंगवाले म्हणाले, नवी इमारत बांधून देतो. दोन मजली. मुलांना अभ्यासिका. फक्त सोमवारी कागद दिसता कामा नये. इथे पावसात पुस्तकं भिजतात हो... नळकांडं माझ्या घरी आहे."

"आन् माझा माणूस?" सत्यशीला पुढे आली. "सकाळपास्नं त्यो चौकीत बसलाय. तुमी गप का ऱ्हायलात?"

"धीर झाला नाही, पोरी." ते टेबलावर वाकले. "गुन्हा माझाच आहे. कुठे सही करायची सांगा, साहेब."

सत्यशीलाचे आवळलेले खांदे सैल झाले.

फौजदारांनी चौकीत फोन करून मच्छिंद्रला सोडायला सांगितलं आणि सनद कापडात गुंडाळली. उद्या आपण स्वतः ती प्रांतांसमोर घेऊन जाऊ म्हणाले. नारायणराव उठले, तसा सुहासनी त्यांचा चष्मा टेबलावरून उचलून हातात दिला.

"तू कशाला येतोस?" नारायणराव पुटपुटले.

"एकट्याने जायची जागा नाही ती. चल."

रागवावं असं सुहासच्या मनात फार होतं. राग येईलही, उद्या परवा. आत्ता मात्र कागद वाचला, निरपराध माणूस सुटला आणि मित्राने तोंडाने खरं सांगितलं, एवढ्यानेच त्यांना मोकळा श्वास घेता येत होता.

चौकीच्या पायऱ्यांवर मच्छिंद्र समोरून बाहेर येत होता. नारायणरावांनी हात जोडले. तो क्षणभर थांबला, मग नुसती मान हलवून खाली उतरला. सत्यशीला फाटकाशी उभी होती. दिवसभर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली आणि मग जी रडायला लागली, ती रडता रडता हसायलाच लागली.

"मग चल की," मच्छिंद्र म्हणाला. "लई भूक लागलीय."