उंबऱ्यापर्यंत न येणारी

"आई, बाबा विमानावर निघाले की तू उंबऱ्यापर्यंतसुद्धा का येत नाहीस? तुला त्यांचा इतका राग आहे?"

इंद्रायणीनं विचारून टाकलं! शाळेत परवीननं डिवचलं होतं तिला, "माझी अम्मी तर अब्बांची सायकल वळेपर्यंत दारात असते. तुझी आई आत का पळते? विचारून दाखव, तर तू खरी." नववीत गेल्यापासून कुणालाच न भिणाऱ्या इंद्रायणीला हे आव्हान म्हणजे काहीच नव्हतं. पण आईच्या, सुभद्राबाईंच्या, हातातली भाकरी परातीतच राहिली आणि तव्यावरची करपू लागली…

खरं तर इंद्रायणीला विचारायचं होतं ते हे नव्हतंच! रविवारी चाकणचे कांद्याचे व्यापारी तिला बघायला येणार होते. पंधरा वर्षांची पोर, वर्गात पहिली, आणि आई तिला घराबाहेर काढायला निघाली होती. आईला या घरात कुणीच नको, ना बाबा, ना मी, या एका विचारानं तिची उशी रोज भिजत होती.

"राग?" सुभद्राबाई खाली बसल्या. "माझा चिमादादा लढाईला निघाला, तवा चिखलीच्या येशीत हुबी राहून त्याची गाडी दिसंनाशी होईस्तवर बघत हुते मी. जाणाऱ्याला असं बघू न्हाई, म्हातारी माणसं वरडत हुती. ऐकलं न्हाई मी. दादा आला न्हाई, त्याची टोपी आली… तवापास्नं तुझा बाप निघाला की मी चुलीकडं तोंड करते. त्यो घरी येईस्तवर घरात केर काढत न्हाई. पोरी, राग आसता तर बघितलं आसतं गं."

दारात बूट वाजले. इंद्रायणीचे बाबा, मालोजीराव, निघता निघता थबकले होते, चेहरा राखेसारखा. हवाई दलातून बाहेर पडून ते आता संशोधनाचं विमान चालवत, वादळी ढगांत शिरून आतला वारा मोजून आणत.

"सुभद्रे, चिमा गेला त्याच साली माझी वर्दी उतरली. मला वाटायचं, तसाच मी तुझ्या मनातूनही उतरलो. म्हणून ज्या ढगाला बाकीचे वैमानिक नको म्हणत, तो मी मागून घ्यायचो. म्हटलं, कधीतरी बाई अभिमानानं दारात येईल."

"माझ्यापायी?" सुभद्राबाईंचा आवाज फाटला. "आन् मी इकडं देव पाण्यात घालून बसले…"

काय हे दुर्दैव! एकीनं जपण्यासाठी पाठ फिरवली होती, आणि ती पाठ बघून दुसरा मरणाच्या तोंडात शिरत होता.

बाहेर जीपचा भोंगा वाजला. मालोजीराव खुर्चीवर बसले. "आजच सांगतो, उडणं बंद. कचेरीत बसेन."

"नगा सांगू. जमिनीवर तुमी कुढून मराल, मला ठावं हाय. म्हून तर पोरीची घाई केली. तुमी हायसा तवर तिचं कन्यादान व्हावं… माघारी मी एकटी तिला कुठं घेऊन जाऊ?"

इंद्रायणीच्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. नकोशी म्हणून नव्हे, तर नवऱ्याचं आकाश मोडू नये म्हणून ही माउली पोटचा गोळा तोडून द्यायला निघाली होती! आणि घर सोडून जायचं मात्र इंद्रायणीलाच होतं…

भोंगा पुन्हा वाजला. तिनं डोळे पुसले, आईचे पिठाचे हात आपल्या हातांत धरले आणि बापाकडे बघत म्हणाली,

"बाबा, तुम्ही उडा, पण दुसऱ्यांनी नाकारलेला ढग मागून घेऊ नका. आणि चाकणला निरोप धाडा, रविवारी येऊ नका म्हणावं. मी मॅट्रिक होणार, नोकरी धरणार. आई, तुला धास्ती आहे ना, माघारी मला कुठं नेशील? तू नको नेऊस. तसं झालंच, तर तुला मी नेईन."