कड्यापलीकडचा आवाज

कोमलचं लग्न तिकोणा पेठेत लागलं, त्या दिवशी मे महिना सरत आला होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. लोणावळ्याचा सुहास आणि त्याची धाकटी बहीण प्रतीक्षा, दोघं मिळून लग्नांचं शूटिंग करायची. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि किल्ला अन् पवना धरणाचं पाणी एकत्र घ्यावं म्हणून सुहासनं शेवटचं एकदा ड्रोन उडवला. गावामागच्या पठारावर ढग उतरला तसा रिमोटचा पडदा थरथरला. आधी जीपीएस गेलं, मग सिग्नल. मग नुसता राखाडी पडदा.

सकाळपासूनचं वरून घेतलेलं सगळं शूटिंग ड्रोनमधल्या कार्डात होतं. यंत्र दुसरं आणता येतं, लग्न काही पुन्हा लागत नाही.

कोमलचे चुलते अंबाजी डोक्याला पंचा गुंडाळून पुढं झाले.

"आबा, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही जाऊन येतो," सुहास म्हणाला.

"चला वो. उजेड हाय तवर मागं फिरू. ढगात वाट गावत न्हाई."

पठारावर पोचले तेव्हा हाकेवरचं झाडही दिसेना. कारवीच्या वाळक्या काड्या पायाखाली मोडत होत्या. पाखरू बोलत नव्हतं. शेवाळलेल्या आडाला असतो तसा एक कुबट, गार वास सगळीकडं भरून राहिला होता. वाट फुटली तिथं प्रतीक्षा डावीकडं वळली. "मी इकडून बघते दादा, तू तिकडून ये."

थोड्याच वेळात आवाज आला.

टिट... टिट... टिट...

सुहासचा जीव भांड्यात पडला. रिमोटचा सिग्नल पोचला की हरवलेला ड्रोन असाच वाजतो. रिमोटचा पडदा अजून कोराच होता, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. आवाजाच्या रोखानं तो झपाझप निघाला, आणि एका जांभळीखाली ड्रोन सापडला. पाती मोडलेली. बॅटरी निखळून बाजूला पडलेली.

त्यानं ड्रोन उचलला. थंडगार होता.

टिट... टिट...

आवाज अजून येतच होता. डावीकडून, प्रतीक्षा गेली होती तिकडून.

अंबाजींनी त्याचं कोपर धरलं. "दादा... यंत्र तर तुमच्या हातात हाय. मंग ह्ये काय वाजतंय?"

दोघं कान देऊन उभे राहिले. आता नीट ऐकू आलं. दोन टिटांच्या मधे कुणीतरी श्वास घेत होतं.

"ताई कुटं हाईत?" अंबाजी कुजबुजले.

तेवढ्यात ढगातून प्रतीक्षाचा आवाज आला. कुणाला तरी उत्तर द्यावं तसा. "आले रे... आले, थांब..."

"प्रतीक्षा! ड्रोन सापडला! आहेस तिथंच थांब!"

ती थांबली नाही. काड्या मोडल्याचा आवाज लांब लांब जात राहिला. सुहास धावत सुटला. कारवी तोंडावर सपासप लागत होती. मग एकाएकी कारवी संपली, आणि त्याला तिची पाठ दिसली. उजवा हात पुढं केलेला. पुढं जमीन नव्हती. कड्याखाली पांढरा ढग, बस्स.

त्यानं तिच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा पकडून तिला मागं खेचलं. दोघं आडवी पडली. तिच्या पायाखालचे दगड खाली गेले. ते कुठं पडल्याचा आवाज आलाच नाही.

समोर, अधांतरी, एकदा टिट वाजलं. मग कुणी तोंडावर हात ठेवावा तसं बंद झालं.

अंबाजींनी दोघांना पुढं घातलं. मांडवात पोचले तेव्हा दिवे लागले होते. कार्ड शाबूत होतं, लग्न सगळं होतं त्यात. कोमलच्या आईनं प्रतीक्षाच्या हातात चहाचा कप दिला. तिनं तो नुसताच धरून ठेवला.

"दादा, मागं का ओढलंस मला?"

"अगं, पुढं कडा होता!"

"पुढं तू होतास." ती त्याच्याकडं टक लावून बघत होती. "तूच तर हात धरला होतास माझा..."

तिनं बाही वर सारली. मनगटाभोवती ओल्या मातीची बोटं उमटली होती. सुहासनं त्यांवर आपली बोटं ठेवून पाहिली.

ती बोटं त्याच्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती.