पंचवीस आणि सतरा

२०५८ साली गडहिंग्लजच्या त्या शाळेत एअर रायफली सात होत्या आणि नेमबाज मुली चौदा. म्हणून दोघींत एक. गौतमी आणि ओवीची रायफल एक आणि स्पर्धेतली जोडीही एक.

या रायफलीत दारू नसते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये हवा आधीच दाबून भरलेली असते. चाप ओढला, की त्या हवेचा एक घोट छर्‍याला पुढे ढकलतो.

स्पर्धा उद्यावर आली होती आणि सिलिंडरमधली हवा आपोआप कमी होत होती. गळका सिलिंडर मैदानात नेऊच देत नसत.

"मागच्या आठवड्यात रायफल तुझ्याकडे होती. खरं सांग, पाडलीस ना?" गौतमीने फोनवर विचारले.

"उद्या तू एकटीच जा," ओवी म्हणाली. आणि तिने फोन ठेवला.

गौतमी तणतणत आबांच्या खोलीत गेली. आबांनी उभा जन्म अवकाशयानांची दारे हवाबंद करण्यात घालवला होता. आता ते आणि त्यांचा हातभर उंचीचा दुरुस्तीयंत्रमानव चिमटा मिळून गल्लीतले कुकर आणि मिक्सर दुरुस्त करत. परवा खंडेनवमीला पूजलेली अवजारे अजून पाटावरच होती. चिमट्याच्या कपाळावर कुंकवाचा टिळा तसाच होता.

"आबा, ओवीने रायफल पाडली आणि कबूलही करत नाही!"

"तू पाहिलंस?"

"नाही, पण..."

"मग आधी हवेला विचार, गौतू. माणसाला नंतर. आकडे सांग."

गौतमीने वही उघडली. "नवमीला संध्याकाळी विजेच्या पंपाने भराभर हवा भरली. दोनशे बार." (बार हे दाब मोजण्याचे माप. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण एक बार असतो.) "दसऱ्याला सकाळी एकशे पंचाहत्तर. आज सकाळी एकशे अठ्ठावन्न."

"म्हणजे पहिल्या बारा तासांत पंचवीस गेले आणि पुढच्या चोवीस तासांत फक्त सतरा. भोक तेच. मग अर्ध्या वेळात जास्त हवा कशी गेली?"

गौतमीने वहीतले आकडे पुन्हा पाहिले.

"सायकलला पंप मारतेस तेव्हा हाताला काय लागतं?"

"चटका! पंपाचं खालचं टोक तापतं."

"का?"

"हवा दाबली की तापते म्हणून." तिचे डोळे मोठे झाले. "सिलिंडरमधली हवापण तापली असणार! तापलेली हवा भिंतींना जास्त जोराने रेटते. ती निवली की काटा खाली येतो. हवा बाहेर न जाताच!"

"शाब्बास. मग खरी गळती किती?"

"चोवीस तासांत सतरा, म्हणजे बारा तासांत साडेआठ. उरलेले साडेसोळा नुसते निवण्याचे."

"चला, निम्म्याहून जास्त आरोप तर उडाला," चिमटा म्हणाला.

"तू गप रे!"

आबा हसले. "काल सिलिंडर रायफलीपासून वेगळा काढून ठेवला होतास ना? तरीही गळलाच. म्हणजे?"

"दोष रायफलीत नाही. सिलिंडरमध्येच आहे."

आबांनी वाटीत रिठा कुस्करून फेस केला. पूर्वी सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पंक्चर शोधत, तसेच हे. गौतमीने ब्रशने फेस आधी दाबमापकाच्या सांध्यावर लावला. तिथे काही झाले नाही. मग सिलिंडरच्या पितळी तोंडावर लावला. पातळ पापुद्रा हळूहळू फुगला, वाटाण्याएवढा झाला आणि फट्‌ करून फुटला.

"नऊ सेकंदांना एक बुडबुडा," चिमट्याने मोजले.

"तोंडात एकमार्गी झडप आहे. हवेला आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही," आबा म्हणाले. "पण भरला सिलिंडर कधी उघडायचा नाही. आतला दाब झडपेची गोळी करून अंगावर फेकेल. आधी हवा सोडायची, आणि हे काम जाणत्यानेच करायचं."

दोघांनी चष्मे लावले. आबांनी हवा सोडायचा स्क्रू किंचित फिरवला. कितीतरी वेळ फुस्स्‌ आवाज येत राहिला.

"आबा, सिलिंडर गार पडला!"

"पंपाच्या उलट. मोकळी होताना हवा थंड होते."

काटा शून्यावर आल्यावर त्यांनी झडप बाहेर काढली. तिच्या खाचेत काळी ओ-रिंग (बांगडीच्या आकाराची रबरी कडी) होती. हवा तिला फटीत रेटते, आणि जितका दाब जास्त तितकी ती घट्ट बसते. मात्र तिच्याखाली कणभर जरी काही अडकले, तरी कणभर वाट उरते.

चिमट्याने आपल्या भिंगातले चित्र पडद्यावर दाखवले. कडीखाली एक लालभडक धोंडा रुतला होता.

"गंज?" गौतमीने विचारले.

"नाही," चिमटा म्हणाला. "हे माझ्याही डोळ्यात गेलं होतं. परवाच."

आबांनी पाटाकडे पाहिले. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली. "पूजेला तुझा सिलिंडरही ठेवला होता. पितळ चकाकत होतं. मी हौसेने त्याचं टोपण काढलं आणि नेमकं तोंडालाच कुंकू लावलं. मग पंप लावल्यावर हवेने ते आत नेलं. चाळीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो, की तोंड उघडं ठेवू नका म्हणून!"

गौतमीला आधी हसू आले. मग ओवीने फोन ठेवल्याचे आठवले आणि हसू विरले.

आबांनी खाच पुसली, नव्या कडीला ग्रीसचे बोट लावले आणि झडप बसवली. सिलिंडर भरून निवू दिला आणि मग काट्याची जागा लिहून ठेवली. दोन तासांनी काटा तिथेच होता, आणि रिठ्याचा पापुद्रा सपाट.

गौतमीने लाल कण डबीत घातला. "मी ओवीकडे जाते."

"थांब, मीही येतो. गुन्हेगार मी आहे."

"कुंकू तुमचं, आबा. पण बोलले मी."

ओवी अंगणात पाठ करून बसली होती. आबा मागे फाटकाशी थांबले. गौतमीने डबी पुढे केली. "तू पाडली नव्हतीस. आबांनी पूजेत लावलेलं हे कुंकू झडपेत अडकलं होतं. न विचारता, न तपासता मी तुझ्यावर आळ घेतला. चुकले गं."

ओवीने डबी उजेडात धरली. "एवढ्याने?"

"एवढ्याने."

"आणि आबांनी?"

"मीच बाई तो," आबा म्हणाले.

"मग उद्या आमच्या पिशव्या तुम्ही उचलायच्या," ओवी म्हणाली, आणि गौतमीला सरकून शेजारी जागा दिली.

एकादशीचा चंद्र दुपारीच उगवून पूर्वेला वर आला होता. आबांनी तिकडे बोट केले. "तिथल्या वस्तीच्या दारांनाही अशाच कड्या आहेत. आत माणसं श्वास घेतात ते त्यांच्या भरवशावर. पुढेमागे तुम्ही जाल तिकडे."

"मग तिथे खंडेनवमी कशी करायची?" ओवीने विचारले.

गौतमीने डबीचे झाकण घट्ट लावले.

"आधी टोपण," ती म्हणाली. "मग कुंकू."