मुतखड्यातली कोरी रेघ

संघमित्राचा प्रश्न अगदी साधा होता. आईनं दगड कधी खाल्ला?

त्या प्रश्नाला कुणी हसलं नाही. हसावं अशी ती वेळच नव्हती. दवाखान्यातल्या मोठ्या पडद्यावर तिच्या आईच्या पोटाचं चित्र दिसत होतं आणि त्यात मधोमध, तुरीच्या दाण्याएवढा, एक पांढरा ठिपका होता. डॉक्टर फरहाना शेख त्यावर बोट ठेवून म्हणाल्या होत्या, "हा दगड."

झालं होतं असं. २०४१ सालचा एप्रिल महिना. चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसवर. संघमित्रा, म्हणजे घरादाराची मित्रा, शाळा सुटल्यावर रोजच्यासारखी आईच्याच बसनं घरी निघाली होती. तिची आई प्रणाली दुर्गे 'वर्धिनी' बससेवेत चालक होती. पळसवाडी ते चंद्रपूर, विजेवर चालणारी थंडगार बस. मित्राची जागा ठरलेली, आईच्या मागची पहिली.

अर्ध्या वाटेवर आईची मान एकदम ताठ झाली. स्टेअरिंगवरची बोटं पांढरी पडली. एवढ्या गार बसमध्ये तिच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. तरी तिनं बस हळूहळू डावीकडे घेतली, एका निंबाच्या सावलीत उभी केली, दार उघडलं आणि मगच ती कमरेत वाकली.

"आई!"

"पाठीतून... पोटात... कळ येते आहे गं," आई दात आवळून म्हणाली. "ॲम्ब्युलन्सला फोन कर. आणि आबाजींना."

मित्रानं दोन्ही फोन नीट केले.

आबाजी म्हणजे आईचे वडील, डॉक्टर पुरुषोत्तम रामटेके. ते माणसांचे डॉक्टर नव्हते, दगडांचे होते. कोळशाच्या खाणींमधले थर वाचण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर मात्र याच दवाखान्याच्या संशोधन विभागानं त्यांना बोलावून घेतलं होतं. कशासाठी, हे मित्रानं कधी नीट विचारलंच नव्हतं.

"दगड खाऊन होत नाही, बेटा," दवाखान्यातल्या पडद्यासमोर आबाजी तिला जवळ घेत म्हणाले. "तो आत तयार होतो. मुतखडा म्हणतात त्याला. कसा होतो ते दाखवीन तुला. आधी आईचं बघू."

डॉक्टर शेख त्यांच्याकडे वळल्या. "काका, एक अडचण आहे. खडा उजव्या मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत) अडकलाय. आणि प्रणालीताईंचं डावं मूत्रपिंड जन्मापासूनच लहान आहे, जवळजवळ काम करत नाही. आजवर कुणाला कळलं नव्हतं. म्हणजे चालू मूत्रपिंड एकच, आणि त्याचीच वाट बंद झालीय. थांबून चालणार नाही."

मित्राला 'एकच' हा शब्द तेवढा ऐकू आला. तिनं आबाजींचा सदरा घट्ट धरला.

"पोट कापणार?" तिनं विचारलं.

"नाही. खडा आवाजानं फोडणार," डॉक्टर म्हणाल्या.

आणि खरंच तसंच केलं. आईला भूल दिली. तिच्या पाठीशी एक मऊ, पाण्यानं भरलेली गादी लावली. तीतून ध्वनिलहरी (कानाला ऐकू न येणारे, पण वस्तूला हादरवणारे आवाजाचे तरंग) आत सोडल्या. बाहेरच्या पडद्यावर मित्राला सगळं दिसत होतं.

"आईला लागत नाही का ते?" तिनं हळूच विचारलं.

"आपल्या अंगात पाणीच जास्त," आबाजी म्हणाले. "म्हणून पाण्यातून निघालेले तरंग मांसातून सहज पुढे जातात. खडा मात्र टणक. तिथं ते अडखळतात, त्याला पुन्हा पुन्हा ताणतात, दाबतात. शेवटी तडा जातो. बघ, बघ!"

पांढऱ्या ठिपक्यावर एक केसाएवढी रेघ उमटली. मग दुसरी. ठिपक्याचे तीन तुकडे झाले आणि बाकीची रेती.

मग डॉक्टर शेख यांनी 'जिरं' आत पाठवलं. जिरं म्हणजे जिऱ्याएवढाच यंत्रमानव. त्याला ना बॅटरी, ना चाकं. बाहेरून चुंबक फिरवला की ते आत वळायचं. लघवीच्या नैसर्गिक वाटेनंच ते वर गेलं, आपले दोन इवलेसे आकडे मिटून त्यानं सगळ्यांत मोठा तुकडा पकडला आणि आलं तसं परतलं. दोन फेऱ्यांत उरलेले तुकडेही बाहेर आले. वाट मोकळी राहावी म्हणून डॉक्टरांनी काही दिवसांसाठी आत एक मऊ नळी बसवली.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर शेख यांनी विचारलं, "ताई, दिवसाला पाणी किती पिता?"

"भरपूर," आई म्हणाली. "तीनेक लिटर तरी."

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते मित्राला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. आधी त्यांनी एक कपभर गरम पाणी आणि साखरेचा डबा पुढ्यात ठेवला. "टाक साखर. विरघळेल तेवढी."

मित्रा चमच्यामागून चमचा टाकत, ढवळत राहिली. एक वेळ अशी आली की साखर तळाशीच बसायला लागली.

"हे झालं संपृक्त द्रावण (ज्यात आणखी काही विरघळायला जागाच उरलेली नाही असं)," आबाजी म्हणाले. "आता हे निवू दे, वर पाणी आटू दे, आत एक दोरा सोडून ठेव. काय होईल?"

"खडीसाखर!"

"बरोबर. आता बघ, मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. शरीराला नको ते सगळं पाण्यात विरघळवून बाहेर टाकते. त्यात कॅल्शियम असतं, ऑक्झलेट (पालक, चहा, दाणे अशा पदार्थांतून येणारा आणि थोडा शरीरातच बनणारा एक घटक) असतं. पाणी भरपूर असेल तर दोघं विरघळलेले राहतात, वाहून जातात. पाणी कमी पडलं की?"

मित्रानं कपाच्या तळाकडे पाहिलं. "तळाशी बसतात. एकमेकांना चिकटून."

"आणि एक कण बसला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. थरावर थर."

मित्रानं कपात आणखी पाणी ओतलं. तळाची साखर विरघळली. तिचा चेहरा उजळला. "मग आईनं पाणी प्यायलं असतं तर खडा असाच विरघळला असता!"

"तिथं साखर आणि खडा वेगळे. हा खडा एकदा घट्ट झाला की नुसत्या पाण्यानं सहसा जात नाही. पण पाणी असलं की नवा थर बसणं थांबतं. लिंबात सायट्रेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियमला आधीच धरून ठेवतो, ऑक्झलेटच्या हाती लागू देत नाही. खडा होऊच न देणं, ही खरी युक्ती."

मग त्यांनी आईच्या खड्याचा तुकडा दाखवला. तो मधोमध कापून, कागदापेक्षा पातळ करून काचेवर बसवला होता. मित्रानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिच्या तोंडून निघालं, "बाप्पा!"

मधावर ऊन पडावं तशा रंगांची वर्तुळं. एकात एक, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. काही जाड, काही बारीक.

"जाड थर म्हणजे खडा झपाट्यानं वाढला ते दिवस," आबाजी म्हणाले. "बारीक म्हणजे सावकाश. कुठला थर कोणत्या तारखेचा, ते नेमकं नाही सांगता येत. अंदाज बांधता येतो."

मित्रा बराच वेळ बघत राहिली. जाड थरांच्या मधोमध एक जागा वेगळीच होती. तिथं रंग नव्हता. एक कोरी रेघ, आणि तिची आतली कड कुरतडल्यासारखी.

"इथं काय झालं?"

"तिथं खडा वाढायचा थांबला. थोडा झिजलासुद्धा. अंदाजे दोनेक वर्षांपूर्वी. का, ते मलाही कळेना. उन्हाळ्याचाच थर दिसतो, म्हणजे उलट जाड असायला हवा होता."

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मित्रा आठवू लागली. आंब्याचं रायतं. आई आणि ती दुपारभर पत्ते खेळायच्या. आई डाव्या हातानं पत्ते टाकायची, कारण उजवा...

"आबाजी! आईचा हात मोडला होता! तीन महिने ती घरी होती!"

आबाजींनी चष्मा काढला.

"घरी असताना खडा थांबला," मित्रा सावकाश म्हणाली. "कामावर गेली की वाढला. पण बस तर गार असते. ऊन लागत नाही. मग... आई खोटं बोलली. ती पाणी पीतच नाही कामावर."

तिला आईचा भयंकर राग आला. तशीच ती वॉर्डात गेली आणि पलंगापाशी उभी राहून तिनं सगळं सांगून टाकलं. कोरी रेघ, मोडलेला हात, सगळं.

आई खिडकीकडे बघत म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं, मित्रा. पळसवाडीपर्यंत चार थांबे. एकाही ठिकाणी बाईमाणसाला जाता येईल अशी जागा नाही. पुरुष चालक झाडाआड जातात. मी कुठं जाऊ? म्हणून सकाळी निघताना दोन घोट प्यायचे, ते थेट परतल्यावर. अकरा वर्षं झाली."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटायची गं."

मित्राचा राग कुठल्या कुठं गेला. ती पलंगावर चढून आईला बिलगली. दारात उभे असलेले आबाजी म्हणाले, "पोरी, मी अख्खा जन्म दगड वाचले. घरातली तहान मला वाचता आली नाही."

त्यानंतर आबाजींनी कपाट उघडलं. रुग्णांच्या परवानगीनं जपलेले एकसष्ट खडे तिथं होते. मित्रानंच सुचवलं, "या सगळ्यांना विचारूया ना, सुट्टी कधी घेतली होती ते." आबाजींनी पत्रं लिहिली, फोन केले. महिनाभरात उत्तरं जमली. बस चालवणाऱ्या, चौकात वाहतूक सांभाळणाऱ्या, बाजारात दिवसभर भाजी विकणाऱ्या चौदा बायकांच्या खड्यांत तोच नमुना निघाला. कामाचे दिवस जाड, सुट्टीचे दिवस बारीक किंवा कोरे.

"चौदा म्हणजे फार नाहीत," आबाजींनी बजावलं. "पण प्रश्न विचारायला पुरेसे आहेत."

तो अहवाल घेऊन आई स्वतः वर्धिनीच्या व्यवस्थापकांकडे गेली. सोबत सात चालक मैत्रिणी होत्या, आणि हट्टानं आलेली मित्रा. व्यवस्थापकांनी पानं उलटली, कपाळाला आठ्या घातल्या. "इतकी वर्षं तुमच्यापैकी कुणीच तक्रार केली नाही?"

"चारचौघांत लघवीचं नाव कसं काढायचं, साहेब?" आई म्हणाली. "आम्ही लाजलो. खडा लाजला नाही. त्यानं सगळं लिहून ठेवलं."

व्यवस्थापकांनी अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

कामं एका दिवसात झाली नाहीत. दोन थांब्यांवर जागेवरून वाद झाला, एका ठिकाणी पाण्याची जोडणीच मिळेना. पण दिवाळीच्या आधी चारही थांब्यांवर स्वच्छ, कडी लागणारी स्वच्छतागृहं उभी राहिली आणि वेळापत्रकात प्रत्येक फेरीला दहा मिनिटांचा थांबा आला. आई बाटलीत लिंबाच्या फोडी टाकून घेऊ लागली. ती बाटली दुपारपर्यंत रिकामी व्हायची.

पुढच्या एप्रिलमध्ये डॉक्टर शेख यांनी पुन्हा तपासणी केली. पडद्यावर एकही पांढरा ठिपका नव्हता. आईचं एकुलतं चालू मूत्रपिंड मजेत काम करत होतं.

मित्रा आता शनिवारी प्रयोगशाळेत जाते. परवा तिथं एका निवृत्त शिक्षकांचा खडा आला. तिनं स्वतःच काच बसवली, डोळा लावला, आणि तिला थरांमध्ये एक निळसर वर्तुळ दिसलं. असं कुठल्याच खड्यात नव्हतं.

"आबाजी, हे काय आहे?"

आबाजी बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची मागे सारून हसत म्हणाले, "मला माहीत नाही, बेटा. मला वाटतं अजून कुणालाच माहीत नसावं."

मित्रानं वही ओढली, नवं पान उघडलं आणि वर तारीख घातली.