कोपऱ्याचं पान

माझ्या मुलीने जपानी खानावळ काढली, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की सोसायटीतले काही जण मला लांबून बघितलं की जिना सोडून लिफ्टने जातात. जाऊ देत. गिरणी कामगाराच्या नातीने मालाडमध्ये जपानी जेवण वाढावं, ही काय रोज घडणारी गोष्ट आहे?

जागा मार्वे रोडच्या आतल्या गल्लीत. एका बाजूला अंबादासचं टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला शिवणक्लास आणि मधे रुचिराचा अरुंद गाळा. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. आता एक लांब लाकडी काउंटर आहे, त्याच्यासमोर आठ उंच स्टुलं आणि पलीकडे ती. टेबलं नाहीत. गिऱ्हाईक तिच्या समोर बसतं आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत भाजते, कापते, वाढते. हे सगळं ती ओसाकाला राहून शिकून आली. जाताना मी तिला म्हणालो होतो, "कच्चो मासो मांजराक घालतत गो, माणसाक नाय." आल्यावर तिने माझ्यापुढे नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला बांगडा ठेवला. सोबत चिकट भात, किसलेला मुळा आणि वाटीभर सूप. जन्मभर मी बांगडा खाल्ला तो तिखटात आणि कोकमाच्या आगळात बुडवून. बांगड्याला स्वतःची चव असते, हे मला साठी उलटल्यावर माझ्या पोरीने शिकवलं.

मी दत्ताराम परब. वीज कंपनीत मीटर तपासायचं काम केलं. बिल जास्त आलं की लोक भुताखेतापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांवर आळ घेतात. वायर शोधली की सापडते, हा माझा अनुभव. पण काही रिवाज मी पाळतो. आमच्याकडे नवं काही सुरू करायचं तर त्या जागेच्या न दिसणाऱ्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस हात जोडून त्याच्याशी मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

उद्घाटनाच्या सकाळी ते मी घातलं. काउंटरच्या टोकाला, कोपऱ्यातल्या स्टुलापुढे केळीचं पान मांडलं. मागे माझी बायको प्रेमा, रुचिरा आणि नारळ धरून अंबादास.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेचो जो कोण राखणदार आसात, तेका माझा गाऱ्हाणा आसा. माझ्या चेडवान हयसर हाटेल घातलेला आसा. रोज पयला पान तुजा. तू ये, जेवक बस, आणि तेच्या पाठी उभो रव."

"व्हय म्हाराजा."

मग माझी गाडी रुळावरून घसरली. पोरीचं कौतुक सांगायला लागलो. तिला मिळालेली बक्षिसं, ओसाकाच्या मालकाने दिलेली शाबासकी, सगळं राखणदाराला ऐकवलं. शेवटी रुचिरा कुजबुजली, "बाबा, बस ना आता." मी हसून थांबलो आणि नारळ फोडला.

प्रेमा आणि रुचिराच्या आवाजात एक जाड, पुरुषी 'व्हय म्हाराजा' मिसळत होता. मी अंबादासची पाठ थोपटली. "झकास म्हणालास रे, मालवण्याला लाजवलंस."

"मी?" तो म्हणाला. "मला कुठं येतं तुमचं ते. मी गप नारळ धरून होतो."

नव्या फरशीचा प्रतिध्वनी असणार, असं मी ठरवलं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. गल्लीतले लोक काचेतून बघत आणि पुढे वडापाव खात. गाळा रिकामा दिसू नये म्हणून मीच दुपारी एका स्टुलावर जाऊन बसायचो. रुचिरा रोज पहिलं पान कोपऱ्याला वाढायची आणि संध्याकाळी ते मांजराला जायचं. "दिवाळीपर्यंत बघते बाबा," एकदा ती म्हणाली. "नाहीतर परत कुठल्यातरी हॉटेलच्या किचनमध्ये कांदे कापायचे. दुसऱ्याच्या नावावर." ती रडली नाही.

एका दुपारी तिने विचारलं, "बाबा, कोपऱ्यातला बांगडा तुम्ही खाल्लात?"

मी वळून पाहिलं. पानावर भाताचं शीत नव्हतं. बांगड्याचा काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, स्वच्छ, पानाच्या कडेला आडवा ठेवलेला. मांजर काटा असा ठेवत नाही. मी मागचं दार तपासलं, खिडकीची जाळी तपासली, माळ्यावर चढून पाहिलं. वायर सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी एक माणूस आला आणि कोपऱ्याशेजारच्या स्टुलावर बसला. त्याच्या पुढच्या दिवशी दोघे. स्टुलं कोपऱ्याकडून भरत आली आणि दिवाळीला अजून अवकाश होता तेव्हाच गाळा दुपारी बारालाच भरायला लागला. मी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गर्दी दाखवत होतो. माझी छाती शर्टात मावत नव्हती, खरंच सांगतो.

काही गोष्टी मात्र हळूहळू खटकायला लागल्या. मुंबईत माणूस जेवताना फोन बघतो. इथे कुणाच्या हातात फोन नसे. ताटाचा फोटो कुणी काढत नसे. शेजारच्याशी बोलणं नाही, पाणी मागणं नाही. बायका होत्या, तरुण पोरं होती, ऑफिसचे शर्ट होते, पण सगळे एकाच चालीने जेवायचे, आणि उठून गेल्यावर प्रत्येकाच्या ताटाच्या कडेला बांगड्याचा काटा अखंड आणि आडवा.

"ही गिऱ्हाइकं कुठून येतात रे?" मी अंबादासला विचारलं.

"तेच मला कळत नाही काका. दिवसभर दारात बसतो मी. तुमच्याकडे जाताना दिसतात. गल्लीत शिरताना नाही दिसत."

रुचिराही बदलली. तिचा हात असा चालायचा की बघत राहावं, पण ती आमच्याशी बोलेनाशी झाली. घरी आली की पानावरून उठायची. "भूक नाही गं आई, तिकडेच झालं," म्हणायची.

प्रेमाने दोन दिवस दम धरला आणि मग विषय काढला. "अवो, त्या दिवशी तुमी गाऱ्हाणा पुरा खंय केल्यात? जेवक बोलवल्यात, पाठवक इसारलात."

गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: जेवून तृप्त हो आणि आपल्या जागी जा. कौतुकाच्या भरात ते राहून गेलं होतं. आमच्या गावात पोरालाही ते पाठ असतं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. आम्हाला बसायला स्टूल नव्हतं आणि त्याचाही मला अभिमान वाटला. दाराशी उभं राहून मी हात जोडले. आवाज अगदी लहान ठेवला.

"जेवन तृप्त हो, म्हाराजा..."

सगळे हात थांबले.

कुणी वळलं नाही. जेवायच्या काड्या घासासकट ओठांपाशी अधांतरी राहिल्या. सातही जणांचं चावणं थांबलं. बाहेर अंबादासचा पंप टायरमध्ये हवा भरत होता, तेवढाच आवाज.

"...आणि आता आपल्या..."

स्टुलांचे पाय फरशीवर किंचित मागे सरकले.

मी रुचिराकडे पाहिलं.

तिची सुरी माशावर टेकलेली होती आणि हलत नव्हती. मान खाली. तीही थांबली होती. तिने एक पाय मागे घेतला होता, निघायच्या बेतात असल्यासारखा.

प्रेमाची नखं माझ्या दंडात रुतली. "नको," ती म्हणाली. "फुडे बोलू नकात."

उरलेले दोन शब्द माझ्या जिभेवर होते. ते मी गिळले. मग यजमानाने पंक्तीला म्हणावं तसं, हसून, मोठ्याने म्हणालो,

"सावकाश होऊ द्या."

कोपऱ्याकडून एकेक हात चालू झाला, स्टुलामागून स्टूल, आणि सगळ्यात शेवटी माझ्या मुलीचा.