आठ बोटं आणि पळपुटी डिस्क

या रे, या गं, सरका जवळ! गुडघ्याला गुडघा लागू द्या, मागच्यांनी माना पुढे काढा. आज अशी गोष्ट सांगतो की ऐकताना मुठी आपोआप वळतील. हिच्यात हातोडा आहे, रक्त आहे, आणि एक डिस्क आहे जी दिवसातून वीस वेळा पळून जायची! भीती वाटली तर शेजाऱ्याचा हात घट्ट धरा, पण मधेच उठू नका. देव साक्षीला आहे, शेवट गोड आहे.

तर ऐका.

धाड्!

भिंत हादरली. टेबलावरच्या टाचण्या उडाल्या.

"गेली! परत गेली मेली!" मामी ओरडली आणि तिने कॉम्प्युटरच्या पेटीवर फाडकन चापट मारली. "ये! ये म्हणते ना!"

"मामी, तिला लागलं असेल!" ढब्बू म्हणाला.

"लागू दे! मलाही लागलंय!" मामीचे डोळे भरून आले होते.

हे होतं पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याचं ऑफिस. मामी तिथे हिशेब आणि कॅमेऱ्यांचा कॉम्प्युटर सांभाळायची, आणि पलीकडच्या शेडमध्ये मामा तीन नंबरची प्रेस चालवायचा. प्रेस म्हणजे लोखंडाचा अजस्र ठोकळा. वरून खाली धाड्कन पडतो आणि सपाट पत्र्याचं झाकण होतं. सुट्टीला आलेली तिघं भाचरं दिवसभर मामीजवळच बसायची: तेरा वर्षांची थोरली, तिचा गोलमटोल भाऊ ढब्बू, आणि कुठेही सरसर चढणारी धाकटी खार.

चार दिवसांपूर्वी त्या ठोकळ्याखाली मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

प्रेससमोर लोखंडी जाळी असते. जाळी बंद असेपर्यंत हात आत जाऊच शकत नाही. पण त्या दिवशी जाळी काढलेली होती. कोणी काढली?

"त्यानेच काढली!" मुकादम सगळ्यांना सांगत सुटला होता. "घाई झाली होती लेकाला!"

मामा दवाखान्यात तापाने फणफणला होता. पण एवढं ऐकल्यावर उठून बसला. "बावीस वर्षं मी पोरांना जाळीशिवाय मशीनला हात लावू दिला नाही," तो म्हणाला. "बोटं गेली ती गेली. पण ह्या खोट्याने माझं तोंड काळं करू नये."

आज चार वाजता कारखान्यांची तपासणी करणाऱ्या अधिकारीबाई येणार होत्या. त्या म्हणतील तेच खरं ठरणार. मामाच्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? खरं काय ते एकच जण दाखवू शकत होता: तीन नंबरच्या डोक्यावरचा कॅमेरा. त्याचं सगळं चित्रण साठायचं एका एसएसडीत, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या चपट्या डिस्कमध्ये. मामीने चित्रण लावलं की दोन मिनिटं चालायचं, आणि फट्! कॉम्प्युटर सुरूच, पण डिस्क यादीतून गायब. जणू कधी नव्हतीच!

"त्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं नाही का?" थोरलीने विचारलं.

"चार वेळा! येतो, बघतो, म्हणतो, 'वहिनी, डिस्क ठणठणीत आहे, तुम्हालाच भास होतो.' तो गेला की ही गायब!"

"आणि ती कधीपासून पळतेय?"

"मामाला लागलं त्याच दिवसापासून. मुकादम तरातरा इथे आला, हे टेबल लाथेने उलथवलं. म्हणे, राग आवरला नाही! पेटी दाणकन खाली. म्हणून मी ती उचलून ह्या भिंतीच्या मांडणीवर ठेवली. निदान लाथ तरी पोचणार नाही."

तेवढ्यात दार धाड्कन उघडलं. मुकादम! मानेवर शिरा, हातात पाना.

"काय सर्कस लावलीय? कार्ट्यांना घरी पाठवा!"

"आम्ही गप्प बसलोय," ढब्बू म्हणाला.

फाट्! ढब्बूच्या गालावर पाच बोटं उमटली. ओठ फुटला. तो खुर्चीसकट मागे पडला.

"खबरदार!" मामी मधे पडली. "माझ्या भाचरांना हात लावलात तर!"

"चार वाजू देत," मुकादम दात चावत म्हणाला. "मग तुम्हीही नाही नि तुमचा नवराही नाही." जाता जाता त्याने पाना दाराच्या काचेवर फेकला. काचेला भेग गेली.

खार थरथरत होती, भीतीने नव्हे! "ताई, मी त्याला चावू?"

"नंतर," थोरली म्हणाली. "आधी डिस्क."

त्या कारखान्याची एक खोड होती. तिथे काहीही अडलं की ठोकायचे. साचा अडकला, ठोका. कपाट उघडेना, ठोका. पंखा फिरेना, झाडूने ठोका! आणि खरंच चालायचं सगळं. म्हणून मामीसुद्धा चार दिवस कॉम्प्युटरला ठोकत होती. चापट बसली की डिस्क यायची, पुन्हा जायची, पुन्हा चापट.

एक वाजता भोंगा झाला. मशीनं थांबली. सुजलेल्या ओठांच्या ढब्बूने डबा उघडला, हळूहळू जेवला, आणि शेवटचा घास तोंडात तसाच ठेवून ओरडला, "ताई! डिस्क पळाली नाही!"

"नीट गिळ आधी."

"अगं बघ ना! पाऊण तास झाला! कालही मी जेवायला बसलो तेव्हा ती गुमान होती. परवाही! माझा डबा उघडला की डिस्क हजर!"

"तिला पण भूक लागते वाटतं तुझ्यासारखी," खार म्हणाली.

पण थोरली हसली नाही. ती एकदम उभी राहिली. "मामी! कॉम्प्युटरवाला किती वाजता येतो?"

"जेवणाच्या सुट्टीतच. म्हणतो, एरवी ह्या धडधडीत डोकं उठतं."

"म्हणून त्याला बिघाड कधी दिसलाच नाही!"

सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली होती. तेवढ्यात चार दिवसांपूर्वीचं चित्रण शोधून होणार नव्हतं. थोरलीने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला मांडणीवर, पेटीशेजारी ठेवला. दोन वाजता पुन्हा भोंगा झाला. धाड्! पेल्यातलं पाणी गोल गोल थरारलं. धाड्! पाणी काठावरून सांडलं. धाड्!... आणि पडद्यावरून डिस्क गेली.

"ह्या भिंतीपलीकडे काय आहे, मामी?"

मामीने भिंतीवर हात ठेवला. "तीन नंबर."

"बंद कर सगळं! वायर काढ!" थोरलीने हुकूम सोडला. खारीने मांडणीवर चढून पेटी खाली दिली. ढब्बूने नाण्याने स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला, आणि तिघांची डोकी आत एकमेकांवर आपटली.

"आई गं!"

"शूऽऽ! बघा."

डिस्क स्क्रूने बसवलेलीच नव्हती! कुणा आळशाने ती नुसत्या चिकटपट्टीने डकवली होती. पेटी पडली तेव्हा पट्टी सुटली, आणि डिस्क आता दोन वायरींना लोंबकळत होती. डेटाच्या वायरीची छोटी चिमटी तुटलेली. प्रत्येक धक्क्याला ती केसभर सरकत होती.

"म्हणजे माझ्या चापटीने..." मामी खाली बसली. "चापटीने ती क्षणभर जागेवर जायची, आणि आणखी सैल व्हायची! मीच, अगं मीच तिला मारत होते!"

"आता रडू नकोस, मामी. वायर शोध!"

"वायर आहे की इथेच!" ढब्बूने बोट दाखवलं. "सीडीच्या खणाला. अगदी तशाच दोन! सीडी कोण लावतंय आता?"

त्या वायरी काढल्या, डिस्कला लावल्या. टक्! चिमटी नीट बसली. खारीने आपली रबरी चप्पल पुढे केली. "ही काप! धक्का लागणार नाही." चपलेच्या दोन तुकड्यांमध्ये डिस्क घट्ट बसली. पेटी भिंतीपासून लांब, ढब्बूच्या दप्तरावर ठेवली.

धाड्! धाड्! धाड्!

डिस्क हलली नाही.

मामीने चित्रण लावलं. पडद्यावर मुकादम स्वतःच्या हाताने जाळी उपसून फेकताना दिसला. मामा पुढे झाला, जाळी उचलायला वाकला. मुकादमाने त्याला थोबाडीत मारून मागे ढकललं आणि कामावर नव्याने आलेल्या बाईला मशीनपुढे उभं केलं. तिने पत्रा आत सरकवला. बाही अडकली. वरचा ठोकळा सुटला. आणि मामाने झेप घेतली, आपला हात आत घालून तिचा हात बाहेर उडवला...

मामीने डोळे मिटले. खारीने तिच्या कुशीत तोंड लपवलं. थोरलीने मात्र शेवटपर्यंत पाहिलं. कुणीतरी पाहायलाच हवं होतं.

आणि भेगाळलेल्या काचेतून आणखी एकजण पाहत होता.

मुकादम! तो वळला आणि शेडकडे धावला.

"हातोडा आणायला गेला!" खार किंचाळली.

"मामी, तू मागच्या दाराने फाटकाशी जा! साडेतीन झालेत. मालक आणि अधिकारीबाई पोचत असतील. पळ!"

"तुम्हाला टाकून?"

"आम्ही तिघं आहोत, तू एकटी आहेस. पळ, मामी!"

मामी पळाली. ढब्बूने टेबल दाराला लावलं आणि त्यावर स्वतः बसला. "आज माझं वजन कामाला येतंय!" थोरलीने कॉम्प्युटर बंद केला आणि पेटीशी वाकली.

धडाड्! दारावर पहिला घाव. फळीची चीर ढब्बूच्या कानाजवळून गेली.

"ताई, लवकर!"

"होतंय!"

दुसरा घाव. बिजागरी तुटली. तिसऱ्याला दार, टेबल आणि ढब्बू, तिन्ही आत कोसळले. मुकादमाने ढब्बूची गचांडी धरून त्याला कपाटावर फेकलं. ढब्बूच्या भुवईतून रक्ताची धार लागली. तरी त्याने मुकादमाच्या पायाला मिठी मारली!

"सोड, कार्ट्या!"

"नाही सोडत!"

वरून झाकणांचा पाऊस सुरू झाला. खार मांडणीच्या टोकावर होती आणि नमुन्याची पत्र्याची झाकणं एकेक करून भिरकावत होती. खण्! कपाळावर. खण्! नाकावर. मुकादमाच्या नाकातून रक्त वाहू लागलं. त्याने मांडणी हलवली, खार त्याच्या पाठीवर पडली आणि... चावली! मनापासून चावली! ताईने 'नंतर' म्हटलं होतं, ते 'नंतर' आता आलं होतं.

मुकादमाने बोंब मारून तिला झटकलं, ढब्बूला लाथेने दूर केलं आणि तो पेटीकडे वळला. थोरली बाजूला झाली. अगदी सहज.

"थांबा! त्यात मामाचा पुरावा आहे!" ती ओरडली.

"होता!" मुकादम गरजला.

हातोडा पडला. पत्रा चेपला. दुसरा घाव, पंखा उडून भिंतीवर आदळला. तिसरा, चौथा, पाचवा! त्याला कॉम्प्युटरचं दुसरं काही येतच नव्हतं. पेटीचा पार चेंदामेंदा होईपर्यंत तो घाव घालत राहिला.

"झालं?" दारातून आवाज आला.

अधिकारीबाई उभ्या होत्या. मागे मालक, मामी, आणि चित्रण दाखवायला बोलावलेला कॉम्प्युटरवाला.

मुकादमाने हातोडा खाली टाकला. "पेटी... पोरांनी पाडली, बाईसाहेब. पुरावा गेला, काय करणार!"

"हातोड्यासकट पाडली का?" बाईंनी विचारलं.

थोरलीने कपाळावरचे केस मागे सारले. "ढब्बू, डबा उघड."

ढब्बूने रक्ताळलेल्या हाताने जेवणाचा डबा उघडला. आत, चपलेच्या दोन तुकड्यांच्या मधे, ती पत्त्यांच्या कॅटाएवढी डिस्क होती! चार दिवस सारखी पळणारी, आणि नेमकी वेळेवर शेवटची पळालेली!

कॉम्प्युटरवाल्याने ती मुकाट्याने आपल्या लॅपटॉपला जोडली. चित्रण सुरू झालं. शेवटी दाराशी जमलेल्या कामगारांतून एक बाई पुढे आली. तीच, नवी बाई.

"खरंय हे," ती म्हणाली. तिने आपला धडधाकट उजवा हात वर केला. "हा हात त्यांनी दिलेला आहे. आणि मुकादम म्हणाला होता, तोंड उघडलंस तर दुसरा प्रेसखाली घालीन. मी घाबरले. मला माफ करा, वहिनी."

मुकादम दाराकडे धावला. पण चार कामगारांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. एकाने मूठ उगारली, तेव्हा अधिकारीबाई कडाडल्या, "बस! ह्या कारखान्यात आज पुरेसं ठोकून झालंय!" थोड्या वेळाने पोलीस त्याला घेऊन गेले.

मग बाईंनी तिघांकडे पाहिलं. "माझ्या नोकरीत मी असा तपास पाहिला नाही. शाबास!"

मालकांची मान खाली होती. "मी ऑफिसात बसून फक्त झाकणं मोजत राहिलो," ते म्हणाले. "जाळ्यांकडे पाहिलंच नाही. पोरांनो, तुम्ही माझे डोळे उघडलेत."

"आणि मी चार वेळा आलो," कॉम्प्युटरवाला कान पकडत म्हणाला, "चारही वेळा जेवणाच्या सुट्टीत! चिकटपट्टीसुद्धा माझीच बरं का."

"मग आता तुम्हाला चावू?" खारीने विचारलं. तो दोन पावलं मागे सरला.

संध्याकाळी तिघं दवाखान्यात गेली. ढब्बूच्या भुवईला चार टाके होते आणि तो ते सगळ्या परिचारिकांना दाखवत होता. मामाने सगळं ऐकून घेतलं. पोरांना वाटलं, आता तो मुकादमाचं काय झालं ते विचारेल. पण त्याने विचारलं, "त्या नव्या बाईचा हात बरा आहे ना?"

"अगदी बरा आहे, मामा."

"मग झालं तर," मामा म्हणाला. त्याने डोळे मिटले आणि पट्टीतला उजवा हात हळूच डाव्याला जुळवला. दोन जागा रिकाम्या राहिल्या. तरी जोडलेले हात ते जोडलेले हातच होते. देवाने ते नक्की ओळखले असतील.

तर बाळांनो, गोष्ट संपली, आता जा. पण एवढं करा. आज निजण्यापूर्वी हात जोडाल, दहाच्या दहा बोटं एकमेकांना टेकतील, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या आठ बोटांच्या मामाची आठवण काढा.