जिभेखालचं पदक

एल्वूड प्रॅदरला किळस म्हणून कशी ती ठाऊक नव्हती. ओहायोतल्या कुणाच्याही माळ्यावरचं, उंदरांच्या लेंड्यांत लोळलेलं पदक तो खुशाल उचलायचा आणि जिभेला लावायचा. जुनं पितळ कडू लागतं, नकली गोडसर, असं तो म्हणे. जुन्या निवडणुकांची प्रचारपदकं जमवणाऱ्यांत त्याची ही खोड प्रसिद्धच होती. घासून धुतलं की पदकाची किंमत जाते, म्हणून त्या मंडळींत कुणी ते धूत नाही. तेव्हा आजवर त्याच्या जिभेवरून काय काय गेलं असेल, देव जाणे.

त्याच्या मखमली पेटीत एकच खळगा रिकामा होता. अठराशे साठच्या निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचं पदक. ते होतं त्याच्यासारखीच पदकं जमवणाऱ्या म्हाताऱ्या ऑरिन स्ट्राउडकडे. ऑरिन वारला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोचा, ड्रुसिला काकूंचा, निरोप आला, पदक फुकट घेऊन जा.

एल्वूड दुपारीच गेला. घरात आंबूस वास भरलेला, न धुतलेल्या कवळीसारखा. काकूंनी चिमट्यात धरून पदक पुढे केलं. काळपट, बुळबुळीत. वर फीत ओवायचं भोक, त्यात काहीतरी पांढरं साचलेलं.

त्याने सवयीने जीभ लावली. कोमट लागलं. कडू नाही, गोड नाही... दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडासारखं.

"तूही चाटतोस होय," काकू हळूच म्हणाल्या. "यांनाही तीच खोड. शेवटी तर जिभेखाली धरूनच झोपायचे. दातखीळ बसलेली, निघेना. तसंच पुरलं."

"पुरलं? मग हे..."

"काल यांच्या टेबलाच्या खणात होतं. ओलं."

एल्वूडला वाटलं, टाकावं आणि पळावं! पण तो रिकामा खळगा डोळ्यांपुढे आला. आपण सोडलं तर उद्या तो दुसरा पदकवेडा चेस्टर गोबल नेईल. त्याने पदक रुमालात गुंडाळलं.

"परत आणू नकोस रे बाबा," म्हणत काकूंनी चिमटाही केरात टाकला.

घरी पदक खळग्यात अगदी नेमकं बसलं. त्याने पेटीला कुलूप घातलं. मग दात घासले, हिरड्यांतून रक्त येईतो. व्हिस्कीच्या चुळा भरल्या. तरी जेवताना मक्याच्या कणसाला तीच आंबूस चव.

त्याची बायको मेबेल मघापासून त्याच्याकडे बघत होती.

"काय चघळतोयस रे? कणीस तर तसंच आहे ताटात."

"कुठे काय," तो म्हणाला. शब्द जड निघाले... जिभेचं टोक आपसूक खाली वळलं, एका गार, गोल कडेवरून फिरलं, आणि बारीकशा भोकात जाऊन बसलं.